उंबर्ल्याचा सांधा

उजाडले तेव्हा धारकोट किल्ला ढगांच्या वर होता आणि किल्ल्याखालची डोंगरधार ढगांत बुडालेली होती. त्या पांढऱ्या पुरातून मधेच धारेचा एखादा काळा खांदा वर येई, पुन्हा दिसेनासा होई, आणि जेथे जेथे खांदा वर येई तेथे तेथे त्याच्या पाठीवरून गेलेली एक भिंत दिसे. किल्ल्याच्या दक्षिण बुरुजाखालून ती निघत होती, धारेचा प्रत्येक चढउतार पाळत होती, आणि गिधाडकड्याच्या काठावर, पुढे जायला जमीनच न उरल्यामुळे, थांबत होती. तिला चुना नव्हता, माती नव्हती. दगडावर दगड, दोन दगडांच्या फटीवर तिसरा, आणि पोटात कपच्यांची भर. अशा रचाईला त्या मुलखात गडगा म्हणतात. शेताच्या कडेचा गडगा गुडघ्याएवढा असतो. हा पुरुषभर उंच होता आणि त्याच्या माथ्यावरून माणूस चालत जाऊ शके.

गडग्याच्या पूर्वेला मुनीर खानाची छावणी पडलेली होती. पश्चिमेला, गडग्याच्या आडोशाने, कोकणातून किल्ल्यावर रसद आणणारी वाट होती. ती वाट तुटली की किल्ला उपाशी मरणार, हे खानाला ठाऊक होते आणि किल्लेदार दारकोजी निकम यांनाही ठाऊक होते. दसरा उलटल्यावर पडलेला वेढा वैशाख सरत आला तरी उठला नव्हता. खानाच्या तोफा आता नेमाने, पण कंटाळल्यासारख्या वाजत. गोळा बसला की गडग्याचे दगड हलत, थोडे खाली बसत, काही निखळून पडत. चुन्याच्या तटाला जसा तडा जातो तसा याला जात नसे, आणि दिवस कलताना गावकरी येऊन निखळलेले दगड पुन्हा रचून जात. असे रोज. दारकोजी निकम रोज बुरुजावर येऊन ते पाहत आणि रोज परत जात. त्यांच्या दाढीत त्या हिवाळ्यापासून पांढरे केस दिसू लागले होते.

गडगा दोन गावांचा होता. किल्ल्याकडची वरची बाजू पळसऱ्याने रचली होती, कड्याकडची खालची उंबर्ल्याने. ज्याची शीव त्याचा गडगा, हा त्या मुलखाचा रिवाज. आणि जेथे दोन्ही गावांचे गडगे एकमेकांना भिडायला हवे होते, नेमके तेथे ते भिडलेले नव्हते. तेथे बैलगाडी जाईल एवढे खिंडार होते.

खिंडाराच्या मागे, गडग्याच्या आत, खडकातून एक पाझर येत होता. उन्हाळ्यातही न आटणारा त्या धारेवरचा तो एकच पाझर. उंबर्ल्याचे म्हणणे, पाझर आमच्या शिवेत आहे. पळसऱ्याने फार पूर्वी आपला गडगा पाझराच्या पुढे आणून ठेवला होता, आणि उंबर्ल्याने आपला त्याला भिडण्याआधीच थांबवला होता. कारण दोन गडगे एकमेकांत गुंतवायचे, त्यांचा एक थर आणि आपला एक थर असा सांधा द्यायचा, म्हणजे समोरचा गडगा जेथे संपतो तेथेच त्याची शीव संपते हे कबूल करायचे. उंबर्ल्याने सांधा दिला की पाझर पळसऱ्याचा. पळसऱ्यानेही आणखी दगड पुढे रचला नाही. आमची शीव येथे संपली, परक्याच्या जमिनीत आम्ही कशाला रचू, असे त्यांचे उत्तर. देशमुखांनी गोताचा, म्हणजे आसपासच्या वतनदारांच्या सभेचा, निवाडा होईपर्यंत दोन्ही गावांनी पाळीपाळीने पाणी भरावे असे ठरवून दिले आणि देवाची शपथ घालून सांगितले की तिऱ्हाइताने त्या खिंडारात दगड ठेवू नये. निवाडा काही झाला नाही. मधे एका उन्हाळ्यात पाझरावर मारामारी झाली, तीत उंबर्ल्याच्या सुभानजी पाटलांचा एकुलता मुलगा डोक्यात दगड बसून मेला. खिंडार तसेच राहिले, आणि पुढे त्याच खिंडारासमोर खानाने तळ दिला.

किल्ल्यावर पाथरवट होते. दारकोजींनी त्यांना खाली धाडण्याची गोष्ट काढली तेव्हा दोन्ही गावांनी एका तोंडाने सांगितले की तिऱ्हाइताचा दगड पडला तर आमची माणसे त्याच दिवशी गडगा सोडून घरी जातील. वेढ्याच्या सबंध काळात ही दोन गावे एका तोंडाने बोलली ती एवढीच. शेवटी खिंडारात करवंदीच्या काट्यांची मोठी झडप लावली आणि एक दिवस उंबर्ल्याची, एक दिवस पळसऱ्याची अशी चौकी ठेवली. त्या झडपेपाशी जितकी माणसे पडली तितकी उरलेल्या साऱ्या गडग्यावर पडली नाहीत.

सुभानजी पाटील आणि पळसऱ्याचे खेळोजी पाटील एकमेकांशी बोलत नसत. मारामारीनंतर धरलेला अबोला वेढ्यातही सुटला नव्हता. त्यासाठी किल्लेदारांनी बहिरू नावाचा एक जासूद दोघांच्या मधे उभा करून ठेवला होता.

"बहिरू, पाटलांना सांग, त्यांच्या बाजूचा माथा ढासळलाय," खेळोजी म्हणत.

सुभानजी चार हातांवरच उभे असत. बहिरू त्यांच्याकडे वळून तेच सांगे.

"बहिरू, पाटलांना सांग, मला डोळे आहेत."

"जी," बहिरू म्हणे आणि परत वळे. एकदा तोफेचा गोळा येताना दिसला तेव्हा खेळोजी ओरडले, "बहिरू, त्यांना सांग खाली बसा!" बहिरू आधीच जमिनीवर पालथा पडला होता, त्याने तोंडात माती गेलेली असताना निरोप पोचवला, तोवर गोळा डोक्यावरून निघून गेला होता. त्या दिवशी दोन्ही गावांची माणसे हसली. दोन्ही पाटील हसले नाहीत.

वैशाखातल्या एका दुपारी पांढरे निशाण घेऊन खानाचे वकील बाबदेवपंत गडग्याशी आले. प्रेते उचलून नेण्याची परवानगी मागणे हे येण्याचे निमित्त. पंत याच मुलखातले, घाटाखालचे. खिंडाराची कुळकथा त्यांना कुणी सांगावी लागली नव्हती. चौकी उंबर्ल्याची होती. भोई प्रेते उचलीत असताना पंत सुभानजींच्या शेजारी सावलीत येऊन बसले.

"पाटील, फार वाळलात."

"वेढा तुमचा आहे, पंत. तुम्हीच विचारता?"

"मी चाकर. खानसाहेबांनी एक गोष्ट आपल्या कानावर घालायला सांगितली आहे. किल्ला आज ना उद्या पडेल. पडल्यावर शिवा कोण ठरवणार? आपल्या पाळीच्या दिवशी, पहाटे, चौकी घटकाभर बाजूला झाली तर पाझर आसपासच्या माळासकट उंबर्ल्याला वंशपरंपरेने मिळेल. खानसाहेबांच्या शिक्क्याने. आपले चिरंजीव ज्यासाठी गेले, ते आपल्या घरात येईल."

सुभानजी भोयांकडे पाहत राहिले. उंबर्ल्यात दुसरे पाणी नव्हते. पाझर गेला तर बायकांनी घाट उतरून नदीवर जायचे आणि भरली घागर घेऊन घाट चढायचा. तसे गाव दोन उन्हाळे टिकत नाही. हे सारे त्यांना त्या सावलीत बसल्या बसल्या दिसले.

"पंत," ते म्हणाले, "तुमचे भोई त्या माणसाला पायांनी ओढतायत. नीट उचलायला सांगा."

पंत उठले. उत्तर मिळाले नाही, नकारही मिळाला नाही, असे त्यांनी छावणीत जाऊन सांगितले.

सुभानजी त्याच दिवशी किल्ल्यावर गेले आणि झालेले बोलणे जसेच्या तसे किल्लेदारांना सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारकोजी स्वतः खिंडारापाशी उतरले. दोन्ही पाटलांना समोर उभे केले.

"सुभानजी पाटील, आपले इमान आम्ही पाहिले. आता आमची एक विनंती आहे. सांधा द्या. शत्रूला या जागेची कुंडली कळली आहे. निवाड्याच्या वेळी आम्ही आपल्या बाजूने उभे राहू."

"किल्लेदार, निवाडा गोत करतं. गोत दगड बघतं, साक्षीदार नाही. मान मागा, आत्ता देतो. सांधा मागू नका. तो माझ्या एकट्याचा नाही."

"म्हणजे आपण किल्ला विकणार नाही, आणि वाचवणारही नाही."

सुभानजींनी झडपेतून सुटलेला एक काटा परत खोवला.

"बहिरू," खेळोजी मधेच म्हणाले, "पाटलांना सांग, सांधा द्यायचा असेल तर मुहूर्त बघून द्या. पळसऱ्याच्या बायका हळदकुंकू घेऊन येतील."

बहिरूने किल्लेदारांच्या तोंडाकडे पाहिले आणि प्रथमच निरोप गिळला. दारकोजी निकम तेथल्याच एका दगडावर बसले. हा मनुष्य मोहिमांत मुरलेला होता. त्याने किल्ले घेतले होते, सोडले होते, आणि मनुष्य कशाने हरतो याविषयी त्याला आता फारसे कुतूहल उरले नव्हते.

"मरा," ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. मग उठून किल्ल्याची वाट चढू लागले.

आणखी काही दिवसांनी बाबदेवपंत पुन्हा प्रेतांसाठी आले. या वेळी पळसऱ्याची पाळी होती. खेळोजी पाटलांचा मुलगा बायाजी थंडीतल्या एका छाप्यात खानाच्या हाती सापडला होता. तो जिवंत आहे की नाही याची खबर तेव्हापासून नव्हती. पंतांनी या खेपेला शिक्क्याचे नावच काढले नाही. त्यांनी कमरेच्या थैलीतून एक भिकबाळी काढून खेळोजींच्या तळहातावर ठेवली आणि मूठ आपल्या हाताने मिटवली.

"जिवंत आहे," पंत म्हणाले. "आज आहे."

खेळोजी काय बोलले ते कुणी ऐकले नाही. भिकबाळी त्यांनी परत केली नाही, एवढे भोयांनी पाहिले.

पळसऱ्याच्या चौकीच्या पुढच्या पाळीला पहाटे दाट धुके होते. उंबर्ल्याच्या बायका फटफटताना पाझरावर घागरी घेऊन चढल्या. पुढे सुभानजींची विधवा सून जिवाई होती. पाझराशी रोज चौकीवाल्यांचा खोकला ऐकू येई, आणि पळसऱ्याची पाळी असली तर एखादे वाईट गाणेही. आज काही ऐकू आले नाही. तिने घागर खाली ठेवली, खिंडारापर्यंत गेली, आणि धावत गडग्याच्या कडेने खाली आली. सुभानजी आपल्या माणसांबरोबर शेकोटीपाशी बसले होते.

"मामंजी, खिंडारात कुणी नाही."

"पाळी पळसऱ्याची आहे."

"पाळी त्यांचीच आहे. माणसं नाहीत. झडप ओढून बाजूला टाकलीय. निखारे अजून लाल आहेत."

सुभानजी उठले. एक जण किल्ल्याकडे पळाला; पण चढ मोठा होता, आणि किल्ल्यावरून माणसे उतरायला सूर्य वर यावा लागला असता. बाकीचे खिंडाराशी आले. धुक्यात दोन गडग्यांची टोके समोरासमोर उभी होती आणि मधे मोकळी जमीन. सगळ्यांनी श्वास रोखून ऐकले. खालून, पूर्वेच्या उतारावरून, पुष्कळ माणसे जपून चालताना होतो तसा आवाज येत होता. मधेच ढालीवर काहीतरी आपटले आणि कुणीतरी हलक्या आवाजात शिवी दिली.

उंबर्ल्याची माणसे थोडी होती. अर्धी हिवतापाने खंगलेली, उरलेली अर्धपोटी. मोकळ्या खिंडारात त्यांनी तलवारी घेऊन उभे राहायचे म्हणजे एक-दोन लोटांत कापले जायचे.

"माथ्याचे दगड काढा," सुभानजी म्हणाले. "आपल्या गडग्याचे. खिंडार भरा."

कुणी हलले नाही. सुभानजींचा चुलतभाऊ गोमाजी पुढे झाला.

"दादा, काय बोलतोस? ज्या दगडासाठी पोर गेलं तो दगड तू ठेवणार?"

"खाली माणसं येतायत, गोमा."

"मग ढीग घालू. नुसता ढीग. त्यांच्या टोकाला हात लावायचा नाही. ढिगाला सांधा कुणी म्हणणार नाही."

सुभानजींनी क्षणभर विचार केला. वाट होती, आणि ती त्यांनाही दिसली होती. "ढीग खांद्याने ढकलला जातो," ते म्हणाले. "सांधाच द्यावा लागेल."

ते स्वतः गडग्यावर चढले, माथ्याचा एक दगड सैल करून खाली उतरवला, उरापाशी धरून पळसऱ्याच्या टोकापाशी नेला आणि तेथल्या तळाच्या दगडाला बिलगून ठेवला. त्यांच्या मागे कुणी आले नाही. माणसे जिवाईकडे पाहत होती. तिचा नवरा याच जागी मेला होता. बाकी सगळ्यांचे नुकसान पाण्याचे, तिचे दोन्हींचे. सुभानजी तिच्याकडे पाहू शकले नाहीत. ते दगडाशी वाकून बसून राहिले.

"मामंजी," जिवाई म्हणाली, "तो लहान आहे. तळाला मोठा घालतात."

तिने पदर खोचला, गडग्याच्या पायथ्याशी पडलेल्या एका मोठ्या दगडाला हात घातला आणि गोमाजीकडे न बघता म्हणाली, "काका, दुसरं टोक धरा. का मी एकटीनं लोळवू?"

गोमाजीने दुसरे टोक धरले. मग सगळेच आले. घागरी टाकून बायका कपच्या वेचू लागल्या. खाली चाहूल वाढत होती आणि वर कुणी एक अक्षर बोलत नव्हते. धुक्यात फक्त दगडावर दगड बसल्याचा आवाज येत होता. त्यांचा थर धरून आपला दगड, त्यावर आपला थर, पुन्हा त्यांच्या दगडाखाली घुसवलेला आपला दगड. रोज निखळलेला गडगा रचणाऱ्या माणसांना हे शिकवावे लागत नव्हते. आपल्या बाजूचा माथा त्यांनी छातीपर्यंत उतरवला आणि खिंडारही छातीपर्यंत आणले, तोच धुक्यातून पहिली पगडी दिसली.

खानाची माणसे मोकळ्या वाटेच्या भरवशावर आली होती. चौकी बाजूला झालेली, झडप ओढलेली, पुढे सरळ पाझर, मागे रसदीची वाट: असे त्यांना सांगितलेले होते. पुढचे भिंतीला धडकून थांबले. मागच्यांना ते कळले नाही, ते पुढे रेटत राहिले. दाटी झाली. उतारावरून भिंत पुरुषभर उंच पडत होती, आणि शिडी कुणी आणलीच नव्हती. पुढच्यांनी खांदे लावून भिंत ढकलली. ती कुरकुरली, दगडांनी दगडांना घट्ट धरले, आणि ती अधिकच बसली. वरून उंबर्ल्याची माणसे हाताला येईल तो दगड टाकीत होती. भाल्यांनी वर भोसकले जात होते. गोमाजी भिंतीच्या माथ्यावर पोट टेकून खाली वाकला असताना त्याच्या गळ्यात भाला बसला आणि तो आतल्या बाजूला, जिवाईने वेचलेल्या कपच्यांच्या ढिगावर पडला. सुभानजींच्या उजव्या हाताची बोटे दोन दगडांमधे चेंगरली. त्यांनी हात ओढून काढला आणि डाव्या हाताने दगड उचलू लागले.

धुके फाटले तेव्हा किल्ल्यावरची माणसे उतरत होती. उतारावर दाटलेली खानाची फौज आता बुरुजावरच्या तोफांच्या माऱ्यात उघडी आली होती. दोन बार झाले आणि फौज फिरली. वेढ्याच्या आरंभापासून खानाची एवढी माणसे एका सकाळी पडली नव्हती.

पळसऱ्याची माणसे उन्हे वर आल्यावर आपल्या बाजूने आली. धुक्यात वरच्या टोकाला गलबला ऐकू आला, सगळे तिकडे धावलो, असे त्यांनी सांगितले. वरच्या टोकाला गलबला कुणीच ऐकला नव्हता. खेळोजी पाटील खिंडाराशी आले, भरलेला सांधा पाहिला, आणि त्यांचे तोंड असे उतरले की उंबर्ल्याच्या माणसांना ती चौकी सोडल्याची शरम वाटली.

दुपार कलल्यावर बाबदेवपंत निशाण घेऊन आले. या वेळी त्यांना प्रेते न्यायची नव्हती. भोयांनी एक बाज आणून गडग्यापुढे ठेवली, आणि पंत वर न पाहता परत गेले. बाजेवर बायाजी होता. कानात भिकबाळी नव्हती.

खेळोजी भिंत उतरून बाजेपाशी जाऊन उभे राहिले. पळसऱ्याच्या माणसांना काय करावे कळेना. कुणी पुढे झाले नाही. सुभानजींनी एकदा बाजेकडे पाहिले, एकदा खेळोजींकडे, आणि सकाळची ओढून टाकलेली झडप त्यांना समजली. ते चेंगरलेला हात फडक्यात बांधलेल्या अवस्थेत खाली उतरले. बहिरू सवयीने मधे येऊ लागला. त्यांनी त्याला बाजूला केले.

"पुढचा खूर तू धर," ते खेळोजींना म्हणाले. "मी मागचा धरतो. एका हाताने जमेल."

दोघांनी बाज उचलली.

पळसऱ्याच्या वडीलधाऱ्यांनी निवाडा मागितला. सांधा उंबर्ल्याने दिला, आपल्या दगडांनी दिला, साऱ्या गावादेखत दिला. मग आता काय राहिले? देशमुख रसदीच्या वाटेने किल्ल्यावर आले आणि सदरेवर गोत बसले. दारकोजी निकम बाजूला बसले होते. मुलाच्या सुतकात असूनही खेळोजींना यावे लागले. ते खाली मान घालून बसले होते.

देशमुखांनी सुभानजींना उभे केले.

"पाटील, गोताची रीत आपणास ठाऊक आहे. धाकाने अथवा दग्याने ठेवलेला दगड, दगड नव्हे. तो आपण राजीखुशीने ठेवला काय?"

सुभानजींनी उत्तर देण्याआधी दारकोजी म्हणाले, "देशमुख, मला एक विचारू द्या. पाटील, त्या पहाटे पाळी कुणाची होती?"

"पळसऱ्याची."

"चौकी जागेवर होती?"

विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होते आणि देणाऱ्यालाही. चौकी हलवली गेली होती एवढे म्हटले की दगड दग्यापोटी पडलेला ठरत होता, पाझर उंबर्ल्याचा राहत होता, आणि खेळोजी पाटील त्याच दुपारी कडेलोटाच्या टोकावर उभे राहत होते. त्यानंतर पळसऱ्याची माणसे गडग्यावर एक दिवसही थांबली नसती. अर्धा गडगा रिकामा पडला असता. खान अजून खाली होता.

सुभानजींनी सदरेच्या दारातून बाहेर पाहिले. तेथे उंबर्ल्याची माणसे उभी होती. जिवाईही होती.

"धुकं फार होतं, किल्लेदार," ते म्हणाले. "मला दिसलं नाही."

"आपल्या सुनेने पाहिले असे ऐकतो."

"बाईमाणूस घाबरलेली होती."

दारात जिवाईने ओठ घट्ट मिटले. तिच्याकडे वळून कुणी विचारले नाही.

"मग दगड राजीखुशीने?"

"राजीखुशीने."

पाझर पळसऱ्याचा ठरला. गोताने आपली निशाणी केली, विडे वाटले गेले. सुभानजींनी विडा डाव्या हाताने घेतला. निघताना दारकोजींनी त्यांना थांबवले. मानाचे पागोटे, गावाला काही वर्षांची सूट, जे देता येण्यासारखे होते ते त्यांनी देऊ केले.

"पाणी देता येईल?" सुभानजींनी विचारले.

दारकोजींनी पुढे केलेले पागोटे परत तबकात ठेवले.

पळसऱ्याची माणसे गडग्यावर राहिली. पावसाच्या तोंडावर खानाने मोर्चे उठवले आणि तो देशावर निघून गेला. पुढे वरच्या मोठ्या लोकांत तह झाला, त्यात धारकोट दुसऱ्या काही किल्ल्यांबरोबर खानाच्या धन्याला देऊन टाकण्यात आला; एक गोळी न झाडता दारकोजी निकम किल्ला उतरले. त्या वेळी ते आजारी होते आणि त्यांना पालखीतून न्यावे लागले. गडग्याला कुणी मागितले नाही, कुणी पाडलेही नाही.

उंबर्ले दोन उन्हाळे डोंगरावर टिकले. मग माणसांनी घरांची लाकडे सोडवली, देव टोपल्यात घातला, आणि गाव नदीकाठी उतरले. जुन्या जागी जोती राहिली.

नदीकाठच्या गावात, एका उन्हाळ्यात, खेळोजी पाटील आले. एकटे, पायी. वयाने आणि इतर गोष्टींनी पुष्कळ वाकलेले. सुभानजी ओट्यावर दोर वळीत होते. उजव्या हाताची बोटे नीट मिटत नसल्यामुळे दोराचे एक टोक त्यांनी पायाच्या अंगठ्यात धरले होते. त्यांनी सरकून जागा दिली. दोघांसमोर नदीचे कोरडे पात्र होते.

"सदरेवर बोलला का नाहीस?" खेळोजींनी विचारले.

"तुझी माणसं गडग्यावर हवी होती."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

खेळोजींनी मान हलवली. दुसरे काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून हा माणूस डोंगर उतरून आला होता, हे सुभानजींना कळले. पण दुसरे काही त्यांच्यापाशी नव्हते. ते पुन्हा दोर वळू लागले.

"पाणी भरायला बायका पाठव," खेळोजी थोड्या वेळाने म्हणाले. "मी असेतो कुणी अडवणार नाही."

"गाव खाली आलं. आता कोण एवढं चढणार?"

जिवाई आतून गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. दोन्ही खेळोजींपुढे ठेवून ती उंबऱ्याशी उभी राहिली. पाणी पात्रात खणलेल्या झिऱ्याचे होते, नुकतेच उपसलेले. तांब्यात ते करड्या रंगाचे दिसत होते. खेळोजींनी गूळ तोंडात टाकला, तांब्या उचलला, आत पाहिले.

"लगेच पिऊ नका, पाटील," जिवाई म्हणाली. "गाळ बसू द्या. वेळ लागतो."

त्यांनी तांब्या हलकेच खाली ठेवला, आणि तिघेही थांबले.